तळघराच्या पायरीवरून येणारी हाक

नमस्कार मंडळी. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी दुपारी भाजी निवडता निवडता वाचत असते, आणि खरं सांगू का... निम्म्यांना हसते. रागावू नका. चौकात उतरून टाकलेला नारळ दिसला तर तो पायानं बाजूला सारून पुढं जाणारी बाई आहे मी. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच सांगते, "बाई, बघून जा, गाड्या येतात." सासूबाई होत्या तोवर त्यांच्या समाधानासाठी मीठ-मोहऱ्या ओवाळायचे, तेही तोंडाला पदर लावून, हसू दिसू नये म्हणून. तर असल्या बाईवर हे लिहायची वेळ आली! शिक्षण माझं बेताचं. मोबाईलवर मराठी टाइप करायला माझी मीच शिकले, त्यामुळं लिहितेय ते बोलल्यासारखंच होतंय. सांभाळून घ्या.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं डोळ्यांसमोर येईल.

सांगलीत विश्रामबागेत आमचा बंगला. फार मोठा नाही, पण त्याला खाली तळघर आहे. आमच्या ह्यांनी ते मुद्दाम बांधून घेतलं होतं, हळदीसाठी. ह्यांचा हळदीचा व्यापार. मार्केट यार्डात दुकान आणि हरिपूरला पेवं.

बाहेरगावच्या वाचकांना पेव माहीत नसेल. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल एवढंच, आणि आत पोट मोठ्ठं, रांजणासारखं. हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. कितीही दिवस ठेवा, कीड लागत नाही. का लागत नाही? तर आत हवाच नसते. आणि जिथं किडा जगत नाही तिथं माणूस कसा जगंल? म्हणून पेव उघडलं की ते तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा.

आणि त्याच्यावर आमच्याकडची एक रीत. माणूस आत उतरला की एकानं तोंडावर उभं राहायचं. त्यानं दुसरं काही करायचं नाही. थोड्या थोड्या वेळानं खालच्याला हाक मारायची आणि खालच्यानं "ओ" द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा, बाकी विचार नंतर. तोंडावरच्यानं जागा सोडायची नाही. तहान लागली, चक्कर आली, काही होवो. दुसऱ्यानं यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मी आलोय, तुमी सुटा." मग पहिला हलणार. नुसतं शेजारी येऊन उभं राहिलेलं चालत नाही हं, तोंडानं बोलावंच लागतं. खालच्यालाही कळायला नको का, आता आपला जीव कुणाच्या हातात आहे ते!

मी माहेरची हरिपूरचीच. या हाका ऐकतच वाढले. हळदीच्या दिवसांत दुपारभर कुठून ना कुठून चालूच असायच्या... वरून नाव, खालून ओ.

आमचे हे मालक असून तोंडावर स्वतः उभे राहायचे. उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. एकदा यार्डातले एक जण म्हणाले, "आवं शेठ, हाका माराया एक गडी ठिवा की. तुमी कशाला घसा फोडताय?" हे म्हणाले, "माणूस माझ्या हळदीपायी उतरलाय न्हवं? मग हाक बी माझीच."

पुढं पुराच्या पाण्यानं हरिपूरची आमची पेवं खचली. ह्यांना ते लय लागलं. मग बंगला बांधताना ह्यांनी खाली तळघर काढलं. आमच्या बाजूला पुराचं पाणी येत नाही. सिमेंटच्या रुंद पायऱ्या, वर एक झरोका, लाईट. तिथं हवेला काय धाड भरलीय? पण सवय हो! मी लोणच्याची बरणी आणायला खाली गेले तरी हे वरच्या पायरीवर हजर. आधी एकदा खाकरायचे आणि मग, "ओ दे गं."

"आवं, बरणी आणाया आलेय, पेवात न्हाई उतरले."

"ओ दे म्हणलं की ओ द्यावी. वकिली करू ने."

असा आमचा संसार.

हे गेले तेही त्याच पायरीवर म्हणायचे. धंदा आवरता घेतला होता, शेवटची पोती वर काढायचं काम चाललं होतं. हे हाका मारत उभे. तिथंच छातीत कळ आली. धावाधाव करून मिरजेला दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांच्या हातातही काही राहिलं नव्हतं. त्यानंतर तळघराला मी कडी घातली ती घातलीच.

आता सूनबाई. माझा मुलगा सुहास पुण्यात होता, तिथंच त्याची कोमलशी ओळख झाली आणि लग्न झालं. हे गेल्यानंतरचं लग्न. तिनं सासऱ्यांना बघितलं ते भिंतीवरच्या फोटोत. पोरगी म्हसवडची, माण तालुक्यातली. वडील फौजेतून रिटायर झालेले. बोलणं एकदम सरळ, पोटात एक आणि ओठात एक असलं काही नाही. पहिल्या दिवशी माझी आमटी खाऊन म्हणाली, "आई, आमटी ग्वाड लय झाली, पण तुमी मायेनं वाढलीय म्हणून दोन वाट्या खाल्ल्या." मला तर ती तिथंच आवडली.

सुहासला सांगलीतल्या कॉलेजात नोकरी लागली आणि दोघांनी इकडं यायचं ठरवलं. मी किती खूश झाले म्हणून सांगू! एकट्या माणसाचा स्वयंपाक हा काही स्वयंपाक नसतो. भात गार होतो आणि आपण टीव्हीशी बोलत बसतो. पण एक मेख होती. कोमलची कॉम्प्युटरची कंपनी पुण्याची. घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली — शांत, वेगळी खोली पाहिजे, मीटिंगमध्ये घरचा आवाज चालणार नाही. काही दिवस बघू, जमलं नाही तर पुण्याच्या ऑफिसात रोज हजर व्हायचं. आणि ती पुण्याला म्हणजे सुहासही पुण्याला. नवरा-बायको दोन गावांत राहणं मला पटलं नसतं, मीच त्यांची बॅग भरून दिली असती.

वरच्या खोल्यांत शांतता कुठली? समोर क्लासला येणाऱ्या पोरांच्या गाड्या, भाजीवाल्याचा भोंगा, शेजारचं कुत्रं. कोमलच म्हणाली, "आई, मला तळघर द्या. आमच्या म्हसवडला उन्हाळ्यात असलं गार घर असतं न्हवं, तर लोकांनी पाळी लावून निजायला घेतलं असतं."

मी कडी काढली. आत जुन्या हळदीचा वास तसाच. मग कामाला सुरुवात झाली. ओल धरलेला गिलावा खरवडला, वॉटरप्रूफिंग केलं, फरशी बसवली. रंगारी वैतागला. "काकू, किती बी हात मारा, खालनं पिवळं वर येतंय. भिंतीला कावीळ झालीया." कोमल म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हो दादा, हळद लागलेली भिंत हाय, शुभ असतंय." टेबल आलं, गोल फिरणारी खुर्ची आली, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला तो करडा फोम चिकटवला. मी एकच हट्ट धरला — झरोक्यात पंखा पाहिजे, बाहेरची हवा आत यायला पाहिजे, आणि पायरीवरचं दार पूर्ण लावायचं नाही. सुहास म्हणाला, "आई, हे पेव नाही." मी म्हटलं, "नसू दे. हवा पाहिजे."

कोमलनं टेबलावर हळद-कुंकू वाहून काम सुरू केलं. एवढी गोड दिसत होती खाली बसलेली! वरनं कुर्ता चांगला, खाली घरातला पायजमा. म्हणे, कॅमेऱ्यात अर्धीच दिसते.

आणि मग ते सुरू झालं.

एक दिवस ती पायऱ्या चढून वर आली. "आई, हाक मारली?"

"न्हाई गं बाई."

गेली. थोड्या वेळानं परत. "आई, बोलावलं व्हय?"

"मी कशाला बोलवू? कामावर हाईस न्हवं तू?"

असं होऊ लागलं. ती कानावर मोठे हेडफोन लावून बसायची, त्यामुळं आवाज कुणाचा ते तिला कळायचं नाही. वरून कुणीतरी हाक मारतंय एवढंच. आणि दिवसा घरात दुसरं कोण? सुहास कॉलेजला. म्हणजे मीच! बिचारी काही बोलली नाही, पण शेवटी संध्याकाळच्या चहाला सुहासनं विषय काढलाच.

"आई, एक बोलू? रागावू नको."

"म्हणजे रागवायसारखंच हाय. बोल."

"तिला कामाच्या वेळी सारख्या हाका मारत जाऊ नकोस. तिकडं मीटिंग चालू असते."

माझा कप हातातच राहिला. "मी? मी हाका मारते? अरे, मी साधा मिक्सर लावायचा तर आधी तिला विचारते! खोबरं पाट्यावर वाटतेय मी तुमच्या मीटिंगपायी!"

कोमल मधे पडली, "आवो, ऱ्हाऊ दे ना... आई, माझ्या कानाचाच घोटाळा असंल." पण तिला ते पटलेलं नव्हतं, तोंडावरनं दिसत होतं. मला मनापासून वाईट वाटलं. ज्यांना ठेवून घ्यायला मी पायाच्या बोटांवर चालत होते, त्यांनाच वाटावं की म्हातारी मुद्दाम काड्या करतेय!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मिरजेला बहिणीकडं गेले. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डबा घेऊन गेले. दुपारी बसनं परत आले, फाटक उघडते तोवर कोमल धावत बाहेर आली. माझ्या हातातला रिकामा डबा बघितला, पिशवी बघितली.

"आई, तुमी आत्ता येताय?"

"मग कवा येणार? बसला काय गर्दी म्हणतेस—"

"आई, मघाशी हाक आली."

तिला घरात नेऊन पाणी दिलं. झालं होतं असं, की हेडफोन चार्जिंगला लावलेला होता, म्हणून ती लॅपटॉपवरच मोठ्या आवाजात मीटिंग ऐकत होती. तेवढ्यात पायरीवरून हाक आली. स्वच्छ. आणि नुसती तिला नाही... मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू आली! चेन्नईची तिची एक मैत्रीण आहे, निर्मला, ती हसून म्हणाली, "कोमल, अंकल बुला रहे हैं."

"अंकल?" मी विचारलं. "म्हणजे बाप्याचा आवाज?"

"व्हय आई. जरा घोगरा हाय. आधी खाकरतंय, मग म्हणतंय, 'सूनबाई, ओ दे.'" माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "ओ दे म्हणजे काय हो आई? असं आमच्याकडं नाही म्हणत कोण."

मंडळी, मी खाली बसले. खुर्ची होती का नव्हती तेही बघितलं नाही. पेवाची रीत मी तिला कधी सांगितलेली नव्हती. सुहासनं सांगायचा प्रश्नच नाही, त्याला धंद्यात कधी गोडी नव्हती. आणि ह्यांच्या हयातीत आमच्या घरात सूनच नव्हती, मग "सूनबाई" हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला कुणी?

सुहासनं सगळे उपाय केले. ब्लूटूथ बंद केलं, शेजाऱ्यांचा टीव्ही तपासला, झरोक्याच्या पंख्यातून रस्त्यावरचा आवाज येतो म्हणून पुठ्ठा लावून बघितलं. सुट्टीच्या दिवशी स्वतः खाली जाऊन बसला, काही नाही. मग कोमलनं त्याला ते खाकरणं करून दाखवलं. आधी बारीक, मग जरा मोठं, मग थांबून श्वास. सुहास उठून तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आप्पा अस्संच करायचे."

कोमलला मी विचारलं, "भ्या वाटतंय का गं? वाटत असंल तर काम वर आणू."

"भ्या कशाचं आई? सासरं हायत माझं. काळजी करून हाक मारत्यात, शिव्या तर देत न्हाईत. मी ओ देते की आता. ओ दिली की गप बसत्यात." आणि खरंच द्यायची. मीटिंगमध्ये माईक बंद करायचा, वर तोंड करून "ओ" म्हणायचं, माईक चालू करायचा. "पर आई, दर वेळी माईक बंद कसा करू? मीच बोलत असले की? भ्या त्या सरांचं वाटतंय."

सर म्हणजे तिचे साहेब. त्यांना हा "अंकल" प्रकार आवडत नव्हता. परदेशातल्या गिऱ्हाइकासमोर कोमलनं स्वतः काम करून दाखवायचं होतं, डेमो म्हणतात त्याला. साहेबांनी साफ सांगितलं, त्या डेमोत असला आवाज आला तर पुढच्या आठवड्यापासून पुण्याच्या ऑफिसात या, घरून काम बंद. सुहास जेवताना मोबाईलवर पुण्यातली भाड्याची घरं बघू लागला. मी वाढत होते, मला दिसत होतं.

आणि माझं काय चाललं होतं ते सांगू? मला रुसवा आला होता. हसा तुम्ही. सुनेला हाक, चेन्नईच्या पोरीला हाक ऐकू येते, साहेबांना येते... आणि मला नाही? कोमल बाजारात गेली की मी खाली जायचे. तिच्या त्या फिरत्या खुर्चीत बसायचे, पाय जमिनीला पुरायचे नाहीत. हेडफोनसुद्धा लावून बघितला. "आवं, मी हाय खाली. मारा की हाक." काही नाही. पंखा फिरतोय तेवढाच. "एवढी वर्षं 'ओ दे, ओ दे' करून कान किटवलेत, आणि आता मी सोताहून ओ द्यायला आलेय तर तोंड शिवून बसलाय व्हय?" तरी नाही. एक दिवस मग मी त्यांच्या फोटोला हारच घातला नाही. कोमलनं विचारलं, "आई, हार ऱ्हायला?" मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. बोलत न्हाईत माझ्याशी."

डेमो जवळ आला तसा सुहास म्हणाला, "आई, कुणाला तरी बोलवू या का? हे शांत करणारे असतात ना..."

मला काय संताप आला! "शांत? ते अशांत हायत असं कोण म्हणलं तुला? माणूस खाली उतरलाय, म्हणून ते वर उभे हायत. आपलं काम करत्यात. कुणी येऊन 'सुटा' म्हणंपर्यंत तोंडावरच्यानं हलायचं नसतंय, एवढं तरी—"

आणि मी बोलता बोलता थांबले.

कुणी म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी ह्यांना कळ आली, आम्ही उचलून गाडीत घातलं, खालचे गडी आपले आपण धावत वर आले. "मी आलोय, तुमी सुटा" असं म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहणार? गाडी सुरू करायची का रीत पाळायची? कुणाचीच चूक नाही. पण पायरीवरच्या माणसाला सोडवायचं राहून गेलं होतं, हे खरं.

म्हणजे काय करायचं ते मला कळलं होतं. पण मंडळी, ते करवेना. एकदा "सुटा" म्हटलं की हे जाणार. आणि मला तर अजून एकदाही आवाज ऐकू आला नव्हता. एकदा ऐकू दे, मग म्हणते... आज नको, उद्या म्हणते... असं करत डेमोची सकाळ उजाडली.

कोमलनं चांगला कुर्ता घातला होता. खाली जाताना माझ्या पाया पडली. "आई, जमलं तर बरं, न्हाईतर..." म्हणाली आणि पायऱ्या उतरली. माझ्याच्यानंही बघवेना. मी देवाला दिवा लावला, ह्यांच्या फोटोला हार घातला, आणि तळघराच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. दार जरासं उघडं. खालून सगळ्यांचे "गुड मॉर्निंग" चाललेले. परदेशातले पाहुणे अजून जोडले गेले नव्हते.

हळू म्हणून चालत नाही ना ते! मी पदर सावरला, उभी राहिले आणि हरिपूरला म्हणतात तश्शी, खणखणीत म्हणाले,

"आवं, मी आलेय. तुमी सुटा."

खाली कोमल दचकली. हेडफोन काढून वर बघायला लागली. मी हातानंच तिला सांगितलं, काही नाही, बस. आणि मीही बसले. काही झालं नाही. वारा आला नाही, दिवा विझला नाही. माझ्या कानांवर खाकरणंसुद्धा आलं नाही. खाली ती इंग्रजीतून बोलत राहिली आणि मी पायरीवर तिच्याकडं लक्ष ठेवून बसले. मधे एकदा तिनं मान वळवून वर बघितलं, मी मान हलवली. तिनं ओठांनीच, आवाज न करता, "ओ" केलं.

डेमो संपला तशी पोरगी पायऱ्या चढत आली ती माझ्या गळ्यातच पडली. "आई, झालं! एकदा बी हाक आली न्हाई! सर म्हणाले, सांगलीतनंच कर काम." मी तिला धरून रडले. तिला वाटलं आनंदानं. होताच आनंद. पण एवढंच नव्हतं.

दुपारी सुहास भडंगाचा पुडा घेऊन आला. बशा भरल्या, कांदा चिरला, आणि तेवढ्यात निर्मलाचा फोन. कोमलनं स्पीकरवर टाकला. निर्मलानं अभिनंदन केलं आणि म्हणाली, "पण आज अंकल काय म्हणाले गं? रोजच्यासारखं नव्हतं ते." हिंदीत बोलतात त्या, मी माझ्या शब्दांत सांगतेय.

कोमल म्हणाली, "आज? आज तर ते बोललेच नाहीत."

"बोलले ना. सुरुवातीला, क्लायंट यायच्या आधी. पहिल्यांदा आंटी जोरात काहीतरी म्हणाल्या, आणि लगेच अंकल. हळू. हसल्यासारखं."

मी वाकून फोनजवळ गेले. "पोरी, काय म्हणाले?"

"मला मराठी येत नाही आंटी. पण ते... 'आलीस व्हय लवंगे... बरं झालं.' असं काहीतरी. लवंग म्हणजे तीच ना, बिर्याणीत घालतात ती?"

सुहास म्हणाला, "लवंगे? लवंगे कोण?"

मंडळी, हे कुणाला माहीत नाही. लग्नानंतर नवीनच असताना मी सासरी कुणाशी तरी फडाफडा बोलले होते, आणि रात्री हे हसून हसून बेजार. म्हणाले, एवढीशी दिसतेस आणि झोंबतेस किती, लवंग हाईस अगदी. तेव्हापासून दोघंच असलो की मी "लवंगे". चार माणसांत कधीच नाही, सासूबाईंपुढं तर देवाची शपथ नाही. मुलालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच नाही.

मी निर्मलाला म्हटलं, "परत म्हण गं."

ती म्हणाली.

"अजून एकदा."

तिनं अजून एकदा म्हटलं. भडंग तसंच राहिलं.

त्या दिवसापासून तळघरात हाक नाही. सुहास म्हणतो, माईक आजूबाजूचे आवाज उचलतो, इंटरनेटवर दुसऱ्याचं बोलणं मिसळतं, असं होऊ शकतं. मी म्हणते, होत असेल बाबा. मग ते नाव कुठनं आलं? यावर तो चष्मा पुसत बसतो. शेकडो मैलांवरच्या पोरीला ऐकू आलं आणि पायरीवर बसलेल्या मला का नाही, हेही मला कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा. नाही सांगितलंत तरी चालेल, माझं काही अडलेलं नाही.

कोमलचं ऑफिस खाली मजेत चाललंय. मी भाजी निवडायला आता पायरीवरच बसते. आणि निर्मलाचा फोन आला की कोमल तो माझ्याकडं देते. पोरगी सारखी मराठी शिकायचं म्हणते, आता "जेवलात का" विचारते, कुणी आजारी नसताना "लवकर बरे व्हा" म्हणते. ते सगळं झालं की मी हळूच सांगते, ते एकदा म्हण. ती हसते, घसा साफ करते आणि म्हणते. चेन्नईच्या पोरीच्या तोंडून, तिच्या त्या वाकड्यातिकड्या मराठीत... आणि दर वेळी मी "ओ" देते.